डिस्टॉर्शनमध्ये कॉर्डचा लगदा होतोय? मग आणखी ‘हॉट’ पिकअप घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटार एचएसएस आहे, म्हणजे तीन पिकअपपैकी (तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबक आणि तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल) ब्रिजला दोन कॉइलचा हंबकर, मिडल आणि नेकला सिंगल कॉइल. डिस्टॉर्शन लावून ब्रिजवर पॉवर कॉर्ड वाजवले तर ठीक, पण चार-पाच तारांचा पूर्ण कॉर्ड धरला की सगळे सूर एकमेकांत मिसळून लगदा होतो. ब्रिजवरून नेकवर स्विच केलं की आवाज एकदम पडतो. सिंगल कॉइलची घूं आहे ती वेगळीच. अँपचा गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) निम्म्यावर ठेवता आणि नेकवर लीड वाजवता. मल्टिमीटर लावल्यावर आताचा हंबकर १३.८ किलोओहम भरला, म्हणून तुम्ही १६ किलोओहमचा, सिरॅमिक मॅग्नेटचा, हाय आउटपुट हंबकर पसंत केलाय. तो घ्यावा का?

घेऊ नका. लगदाही वाढेल आणि ब्रिज-नेकमधला फरकही. तुमच्या वर्णनावरून आताचाच पिकअप तुमच्या कामासाठी जास्त हॉट, म्हणजे जास्त जोराचा सिग्नल देणारा, आहे. तुम्हाला त्याच्याहून सौम्य पिकअप हवाय. हे ऐकायला उलटं वाटतं, पण ‘आवाज अजून जड हवा’ म्हणून येणाऱ्या बहुतेक लोकांना खरं तर ‘आवाज अजून मोकळा’ हवा असतो.

याची खात्री एक पैसा खर्च न करता करता येते. हंबकरच्या दोन्ही बाजूंचे उंचीचे स्क्रू फिरवून तो चांगला दीड-दोन मिलिमीटर खाली घ्या. आवाज जेवढा कमी झाला तेवढा अँपच्या मास्टर व्हॉल्यूमने भरून काढा, गेनने नव्हे. मग तोच कॉर्ड वाजवा. तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या, तर दोष कमी आउटपुटचा नव्हता, जास्त आउटपुटचा होता. काही जणांचं काम इथेच संपतं आणि नवा पिकअप घ्यावाच लागत नाही.

आता त्या किलोओहमच्या आकड्याबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. मीटर दाखवतो तो कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स. तो तारेच्या लांबीवर जसा अवलंबून असतो तसाच जाडीवरही. ४२ गेजऐवजी ४३ गेजची बारीक तार घेतली तर तेवढ्याच वेढ्यांना आकडा साधारण पाव पटीने वाढतो, आउटपुट मात्र वाढत नाही. जुन्या पद्धतीच्या टेलिकास्टरमध्ये नेकचा पिकअप ४३ गेजचा आणि ब्रिजचा ४२ गेजचा असतो. मीटरवर नेकचा आकडा बऱ्याचदा मोठा येतो, कानाला मात्र ब्रिजच जोरकस लागतो. भरीस भर म्हणजे तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बदलतो, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के. म्हणजे ८ किलोओहमचा पिकअप दहा अंश गरम खोलीत ८.३ दाखवेल. ‘माझा ८.१ आहे, त्याचा ८.३ आहे’ अशा वादात किती दम असतो ते यावरून ओळखा. गिटार न उघडता जॅकमधून मोजत असाल तर व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा. तरीही पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) समांतर जोडलेला असल्याने आकडा किंचित कमीच येणार: ५०० के (किलोओहम) पॉट असेल तर ८ चा ७.८७.

एकाच कंपनीचे, एकाच तारेचे, एकाच मॅग्नेटचे दोन पिकअप शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर किलोओहम कामाचे. त्यापलीकडे नाही. बघायचा आकडा आहे इंडक्टन्सचा (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध), हेन्रीमध्ये. चांगले उत्पादक तो देतात किंवा विचारल्यावर सांगतात. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण २.२ ते २.५ हेन्री असतो, पीएएफ (गिब्सनचा मूळ हंबकर) धाटणीच्या हंबकरचा ४ ते ५ आणि भरपूर वेढ्यांच्या हॉट हंबकरचा ७-८ किंवा त्याहून जास्त.

याचा आवाजाशी संबंध काय? कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक रेझोनन्स तयार होतो. त्या फ्रिक्वेन्सीपाशी आवाजाला एक उठाव येतो आणि तिच्या वरचा भाग झपाट्याने गळतो. चार-पाच मीटरची केबल आणि कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स धरून एकूण ६०० पिकोफॅरड मानू. २.४ हेन्रीच्या सिंगल कॉइलचा उठाव मग सुमारे ४,२०० हर्ट्झला येतो. ४.५ हेन्रीच्या हंबकरचा ३,०६० च्या आसपास आणि ८ हेन्रीच्या हंबकरचा २,३०० ला. कॉर्डमधल्या तारा एकमेकींपासून सुट्या करणारा, पिकचा ठोका ऐकवणारा भाग बराचसा २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये असतो. हॉट पिकअप नेमका तोच भाग कापतो, त्याखालच्या मिड्सना फुगवतो आणि हे सगळं जास्त जोराने अँपमध्ये ढकलतो. अँपचा पहिला टप्पा तिथेच दाबला जातो. मग ईक्यूवर ट्रेबल कितीही वाढवा, मुळात जे आलंच नाही ते परत येत नाही. वाढते ती फक्त सरसर.

तरीही असे पिकअप निघाले त्याला कारण होतं. १९७२ मध्ये डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आला, तेव्हाच्या बहुतेक ट्यूब अँपमध्ये आजच्याइतके गेनचे टप्पे नव्हते. अँपला ओव्हरड्राइव्हमध्ये लोटायचं तर गिटारकडूनच जास्त व्होल्टेज यायला हवं होतं. आज कुठल्याही साध्या मॉडेलिंग अँपमध्ये वा पेडलमध्ये गेन उतू जाईल इतका असतो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की गेन निम्म्यावर ठेवता. मग पिकअपकडून आणखी गेन मागायचा कशाला? एकच चॅनेल असलेला जुन्या घडणीचा ट्यूब अँप, मध्ये पेडल नाही, आणि सिंगल नोटचं जाड, गाणारं लीड हवंय, अशा माणसाला मी आजही हॉट हंबकरच सुचवेन. तुमचं प्रकरण ते नाही.

खरेदीच्या आधी पॉट बघा. पिकगार्ड सोडवा आणि पॉटच्या पाठीवर वा कडेला छापलेलं वाचा: ए ५००के, बी ५००के, बी २५०के असं काहीतरी असेल. हंबकरसाठी ५०० के, सिंगल कॉइलसाठी २५० के हा प्रघात. व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट पिकअपला समांतर असतात, पॉटची किंमत कमी तितका तो रेझोनन्सचा उठाव चेपला जातो. एचएसएस गिटारची ही कायमची अडचण आहे, कारण दोन्ही जातींना एकच व्हॉल्यूम पॉट वापरावा लागतो. २५० के असेल तर हंबकर दबका वाजतो, ५०० के असेल तर सिंगल कॉइल टोचरे. शिवाय पॉटमध्ये अधिक-उणे २० टक्के फरक चालवून घेतला जातो, त्यामुळे ‘५०० के’ म्हणून बसवलेला प्रत्यक्षात ४०० भरू शकतो. मीटरने मोजायचा तर त्याच्या तारा सोडवून मोजा, नाहीतर आकडा फसवा येईल. तुमच्याकडे २५० के निघाला तर आधी ५०० के लावून पाहा आणि मगच पिकअपचा निर्णय घ्या. सिंगल कॉइल त्यानंतर टोचायला लागले, तर त्यांचा टोन पॉट २५० केचा ठेवा, तेवढ्याने बरंच निभावतं.

केबल लांब आणि स्वस्तातली असेल तर तिची कपॅसिटन्सही मोजणीत येते. दुसऱ्याची छोटी, चांगली केबल एकदा लावून बघा. आणि तारा महिनोन्महिने बदललेल्या नसतील तर हा सगळा खटाटोप बाजूला ठेवून आधी तारा बदला.

मॅग्नेटबद्दल फार लिहिलं जातं, मी थोडक्यात आटोपतो. अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) २ नरम, त्याची पकड जरा सैल. अल्निको ५ जास्त जोरकस, दोन्ही टोकांना खणखणीत. अल्निको ८ त्याहून ताकदवान. सिरॅमिक सर्वात ताकदवान आणि घट्ट. ‘सिरॅमिक म्हणजे स्वस्त आणि कर्कश’ ही समजूत मात्र सोडा. स्वस्त पिकअपमध्ये सिरॅमिक असतो म्हणून त्याची बदनामी झाली, पण अनेक नावाजलेल्या पिकअपमध्येही तोच आहे. मॅग्नेटपेक्षा वेढे आणि इंडक्टन्स आवाजावर जास्त राज्य करतात, हे माझं मत. हात चालत असेल तर आताच्याच हंबकरमध्ये सिरॅमिक बार असेल तर तो काढून अल्निको ५ चा घालून बघता येतो: खालचे चार स्क्रू सैल करायचे, जुना बार सरकवून काढायचा आणि नवा त्याच दिशेने घालायचा. दिशा चुकली तर मिडलबरोबर जोडल्यावर फेज उलटते (दोघांचे सिग्नल एकमेकांना बरेचसे खोडतात), म्हणून काढण्याआधी बारच्या एका कडेवर खूण करा. नव्या बारची कड जुन्याच्या खूण केलेल्या कडेला लावून धरायची, नव्याची जी कड ढकलली जाते ती खुणेच्या कडेच्या जागी येईल असा तो घालायचा.

पॉट ठीक आहेत, उंची बदलून बघितली, तरी लगदा आहेच असं झालं तर ब्रिजला काय घ्यायचं? पीएएफ धाटणीचा, नेहमीपेक्षा किंचित जास्त वळलेला हंबकर: ४२ गेजची तार, अल्निको ५, ८ ते ९ किलोओहम, इंडक्टन्स ५ हेन्रीच्या आत. सेमूर डंकन कंपनीचा ‘५९ या घरातलाच आहे. त्यांचाच जेबी १६ च्या पुढे मोजतो, पण त्या आकड्यात बारीक तारेचा वाटा मोठा आहे. म्हणूनच १६ चा प्रत्येक पिकअप सारखा वाजत नाही आणि ‘१६ हवा’ ही मागणीच अपुरी ठरते.

‘खरा पीएएफ आवाज’ असं लिहिलेलं दिसलं तर भुलू नका. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी हा हंबकर बनवला, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५९ मध्ये ते मिळालं. सुरुवातीच्या काळातल्या पिकअपवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं स्टिकर होतं, पीएएफ हे नाव त्यावरून. गंमत म्हणजे नंतरच्या स्टिकरवर पेटंटचा नंबर आला तो दुसऱ्याच वस्तूचा, टेलपीसच्या पेटंटचा! तर त्या काळात वेढ्यांची संख्या पिकअपगणिक बदलायची आणि मॅग्नेट हाताला येईल तो बसायचा. त्यामुळे मूळ पीएएफच एकमेकांसारखे वाजत नाहीत. आजचा उत्पादक त्यांतल्या कुठल्यातरी एकाची नक्कल करतो, एवढाच त्या शब्दांचा अर्थ.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपचा विचार मनात आला असेल तर तो वेगळाच संसार आहे. कॉइल कमी वेढ्यांची, आत प्रीअँप, ९ व्होल्टची बॅटरी, २५ केचे पॉट. केबलचा परिणाम जवळजवळ शून्य, घूं कमी आणि हाय गेनमध्ये कॉर्ड सुटे राहतात. पण एक अ‍ॅक्टिव्ह आणि दोन पॅसिव्ह अशी मिसळ पॉटच्या किमतींवरून अडते. घ्यायचे तर तिन्ही घ्या.

आता सिंगल कॉइल. पडलेल्या आवाजाचं उत्तर बरंचसं ब्रिजचा पिकअप सौम्य झाल्यावर आपोआप मिळेल. उरलेलं उंचीने साधा, पण त्यांना वर घेताना जपून. मॅग्नेटचेच रॉड असलेले पिकअप तारांच्या फार जवळ गेले की चुंबक तारेला ओढतो. जाड तारांवर, वरच्या फ्रेटला सूर थरथरतो, एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखा, आणि माणूस उगीच इंटोनेशनला दोष देत बसतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि रॉडच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: जाड ईला २.४ मिलिमीटर, बारीक ईला २ मिलिमीटर. इथून सुरुवात करा आणि पुढचं कानाने ठरवा. नेक आणि ब्रिज एका उंचीवर ठेवण्याचा हट्ट नको. ब्रिजपाशी तार कमीच हलते, तो पिकअप जवळच हवा.

एखाद्या वेळी तिसरी तार, म्हणजे जी, बाकीच्यांवर ओरडते. जुन्या नमुन्याच्या सिंगल कॉइलमध्ये जीचा रॉड सगळ्यांत उंच असतो, कारण तेव्हा जीची तार वेटोळ्यांची असायची. आजच्या साध्या जीला तो रॉड जास्त होतो. नवे सिंगल कॉइल घेणार असाल तर सपाट किंवा आधुनिक स्टॅगरचे (रॉडच्या कमी-जास्त उंचीची रचना) मागा. जुन्या फायबर बॉबिनच्या पिकअपमधला रॉड अंगठ्याने दाबून खाली बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात तार थेट मॅग्नेटवरच गुंडाळलेली असते, रॉड सरकला की आतला वेढा तुटतो आणि पिकअप मुका होतो.

घूंचं सांगायचं तर, ती विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून येते. कॅव्हिटीला (पिकअप आणि वायरी बसतात त्या खोबणीला) तांब्याची फॉइल लावल्याने चिरचिर कमी होते, ही घूं जात नाही. मिडलचा पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट पोलॅरिटीचा असेल तर मिडल आणि नेक एकत्र वाजताना ती विरते, एकट्या नेकवर मात्र राहतेच. हाय गेनमध्ये नेकवर लीड वाजवता म्हणून तुम्हाला नॉइसलेस घेणं परवडेल. त्यात एकावर एक दोन कॉइल असतात, खालची मुख्यतः घूं ऐकते आणि वरचीतून ती वजा होते. साध्या सिंगल कॉइलचा क्लीनमधला (डिस्टॉर्शनशिवायचा) मोकळेपणा थोडा जातो. क्लीनच जास्त वाजवत असता तर मी घूं सोसायला सांगितलं असतं.

ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन बसा. ब्रिज पिकअपच्या वर पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा. ४९-५० मिलिमीटर आलं तर गिब्सन मापाचा, ५२-५३ च्या आसपास आलं, जे ट्रेमोलोवाल्या गिटारमध्ये नेहमीचं आहे, तर रुंद मापाचा. डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस्ड म्हणतं, सेमूर डंकन ट्रेमबकर. मिलिमीटरभर इकडेतिकडे झाल्याने आवाजात कळण्यासारखं काही होत नाही, डोळ्याला खुपतं एवढंच. कॅव्हिटीची खोलीही बघा, काही हंबकरचे पाय लांब असतात. हाय गेन वाजवता म्हणून पिकअप मेणात बुडवून पक्का केलेला हवा. अन्यथा सैल वेढे अँपसमोर शिट्टी घालतात. आणि केबल चार वायरींची असलेला घ्या, स्विचच्या दुसऱ्या जागेवर हंबकर स्प्लिट करून (त्याची एकच कॉइल चालू ठेवून) मिडलबरोबर वाजवायचा तर ती लागतेच.

वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट (म्हणजे सिग्नल नेणारी), पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून वर टेप, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाच्या नकाशावर दुसरा जोडला की पिकअप मुका राहतो किंवा एकच कॉइल वाजते. जुनं सोडवण्याआधी सर्किटचे जवळून चार फोटो काढा. पॉटच्या पाठीवर डाख देताना बारीक, कमजोर सोल्डरिंग आयर्न नको. ते पाठ तापवायला इतका वेळ घेतं की आतला ट्रॅक भाजतो. ब्रिजच्या स्प्रिंग क्लॉवरून येणारी ग्राउंडची वायर सुटली असेल तर ती आधी जोडा.

पिकगार्ड बंद करण्याआधी फेज तपासा. मीटर किलोओहमवर ठेवून जॅकला जोडा, स्विच फक्त ब्रिजवर ठेवा, स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक पोलवर (तारेखालच्या रॉडवर किंवा स्क्रूवर) टेकवून झटकन उचला आणि त्या क्षणी आकडा वर उडतो की खाली ते बघा. मग मिडलवर, मग नेकवर तेच. हंबकरमध्ये चाचणी स्क्रूच्या रांगेवर करा किंवा स्लगच्या (दुसऱ्या कॉइलमधल्या साध्या लोखंडी खुंट्यांच्या), पण स्प्लिट केल्यावर जी कॉइल चालू राहते तिच्यावरच करा. मिडलबरोबर तीच वाजणार आहे. तिन्ही एकाच दिशेला उडाले तर फेज जुळली. एक उलटा निघाला तर दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा पातळ येईल. उलटा निघालेला पिकअप चार वायरींचा हंबकर असेल तर त्याच्या हॉट आणि ग्राउंडच्या वायरींची अदलाबदल करायची, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्यायची. विणलेल्या शील्डची एकच केबल असलेल्या पिकअपमध्ये तसं करायला गेलात तर पिकअपचा धातूचा सांगाडाच हॉट होतो आणि हात लावताच घूं उठते. त्यात मॅग्नेटचा बार उलटा करून बसवायचा.